मोकळी टाच

मागच्या मे महिन्यात पोखर्णीला घरी आलो तेव्हा बॅगेत चामड्याच्या बुटांचा एक जुना जोड होता. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पोखर्णी नृसिंह नावाचं स्टेशन लागतं, ते आमचं गाव. नृसिंहाच्या देवळामुळे आजूबाजूच्या चार तालुक्यांना माहीत असलेलं. इथे बर्फ पाहायचा तर यात्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवर. त्या गावात, त्या उन्हात, मी बर्फावर चालायचे बूट घेऊन उतरलो होतो.

आमचं घर चर्मकाराचं. आजोबांनी, म्हणजे आबांनी, चाळीसेक वर्षं वहाणा केल्या, विहिरीच्या मोटा शिवल्या, मोटा गेल्यावर पुन्हा वहाणाच केल्या. वडील नोकरीला लागले, मी इंजिनिअर झालो आणि आता पुण्यात बसून कोड लिहितो. आबांची आरी-रापी गोणपाटात गुंडाळून देवळीत ठेवलेली असते. हात आता थरथरतात, पण कुणी चपलेचा तुटलेला अंगठा घेऊन आलं तर ते नाही म्हणत नाहीत.

बूट पाहिल्याबरोबर त्यांनी उलटे केले. चर्मकार बूट आधी तळाकडून पाहतो. पुढे तळाला बदकाच्या चोचीसारखा चौकोनी पुढावा, त्यात तीन भोकं. त्यांनी भोकांतून करंगळी घालून पाहिली, मग टाचेवर अंगठा फिरवला.

"ह्ये चोच फळीत अडकत असंल," ते म्हणाले. "मग टाच कामून मोकळी ठेवली? पाय पडंल न्हाई का?"

मी ऑस्लोत दोन हिवाळे काढले होते, तिथल्या सहकाऱ्यांनी मला बर्फात ओढून नेलं होतं, बाइंडिंग मी स्वतःच्या हाताने स्कीवर बसवलं होतं, आणि तरी या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची जुळवाजुळव आहे. उत्तर दीडशे वर्षं लांब निघालं.

*

आधी वस्तू समजून घेऊ. स्की म्हणजे माणसाच्या उंचीएवढी किंवा थोडी जास्त लांब, तळहाताएवढी रुंद, पुढे वर वळलेली फळी. पायात बूट, बुटाखाली फळी, आणि या दोघांना जोडणारी जी यंत्रणा, ती बाइंडिंग. टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिकमध्ये डोंगरावरून सुसाट खाली येणारे खेळाडू दिसतात, त्यांच्या बुटाची टाच आणि चवडा दोन्ही फळीला जखडलेले असतात. तो आल्पाइन प्रकार. टेलेमार्क प्रकारात फक्त चवडा बांधलेला, टाच सुटी. वळताना एक पाय पुढे सरकवायचा, मागचा गुडघा जवळजवळ फळीला टेकेपर्यंत खाली न्यायचा, मागची टाच वर उचलायची. लांबून पाहिलं तर माणूस प्रत्येक वळणावर एकदा नमस्काराला वाकतोय असं वाटतं.

टाच सुटी ठेवण्याचं मूळ कारण अगदी घरगुती आहे. स्की हे हजारो वर्षं चालायचं साधन होतं, घसरायचं नंतर झालं. चालताना टाच उचलावीच लागते. उत्तरेतल्या देशांत जुन्या दलदलींमधून ज्या प्राचीन स्की निघाल्या, त्यांची बांधणी म्हणजे चवड्यावरून गेलेली चामड्याची एक वादी, एवढंच. आपल्या वहाणेचा पट्टा आणि ही वादी यांत तत्त्वाचा फरक नाही. आबांना मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग त्यात काय नवं?" बरोबर आहे. नवं काही नव्हतं, डोंगर उतरायची वेळ येईपर्यंत.

वादीत नुसता चवडा अडकवलेला असेल तर सपाटीवर चालता येतं, पण उतारावर वळायला गेलं की बूट आडवा सरकतो आणि फळी आपल्या वाटेने जाते. उडी मारली तर फळी हवेतच पायातून निसटते. नॉर्वेतल्या टेलेमार्क प्रांतात, मोर्गेदाल नावाच्या खेड्यातल्या सोंद्रे नूरहाइमला या दोन्ही गोष्टी करायच्या होत्या. जन्म १८२५. तो हुस्मान होता, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर झोपडीपुरती जागा घेऊन बदल्यात राबणारा भूमिहीन. त्याने चवड्याची वादी तशीच ठेवली आणि विलोच्या व बर्चच्या झाडांची कोवळी मुळं-फांद्या पिळून त्यांचा दोर टाचेमागून फिरवून पुढे आणला. हा पीळ लवचीक होता. टाच उचलली की ताणायचा, सोडली की टाच पुन्हा फळीवर आणायचा. बूट आता मागे सरकत नव्हता, आडवाही फिरत नव्हता. फळीही त्याने बदलली, मध्ये कंबर बारीक, दोन्ही टोकांना रुंद, म्हणजे कलती केली की ती आपोआप वळते.

१८६८ मध्ये राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्कीची स्पर्धा भरली. सोंद्रे तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. मोर्गेदालहून दोनेकशे किलोमीटर तो स्कीवरूनच आला आणि जिंकला. शहरी लोकांनी असं वळणं आणि असं थांबणं पाहिलेलं नव्हतं. पुढे मोर्गेदालच्याच हेमेस्टव्हाइट भावांनी राजधानीत स्की शिकवायला सुरुवात केली, पद्धतीला प्रांताचं नाव मिळालं आणि शहरात तो सभ्य लोकांचा खेळ झाला. सोंद्रेने बांधणीवर कसलाही हक्क सांगितला नाही. मुळांच्या दोरावर कोण हक्क सांगणार! १८८४ मध्ये तो बायकामुलांसह अमेरिकेला गेला, गरिबीमुळेच, आणि नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर १८९७ मध्ये वारला. ज्याने उतारावर वळायची रीत घडवली, त्याची शेवटची वर्षं जिथे नजर जाईल तिथवर उतारच नाही अशा मुलखात गेली. डेन्बिग गावाजवळच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं, त्या जागेवर कित्येक वर्षं नावाचा दगड नव्हता. १९५२ मध्ये ऑस्लोला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा ज्योत ग्रीसहून आणली नाही. ती मोर्गेदालमध्ये सोंद्रेच्या घराच्या चुलीत पेटवली.

चुलीची गोष्ट मला आधी फार गोड वाटली होती. आता तितकीशी वाटत नाही. दगडाशिवायचं थडगं आधी आठवतं.

*

सोंद्रेच्या दोराची अडचण अशी की तो ओला झाला की सैलावतो आणि मोडला की जंगलात जाऊन नवा पिळावा लागतो. शिवाय प्रत्येक दोर एकाच पायाचा. १८९४ मध्ये फ्रिट्स हुइट्फेल्टने फळीला आरपार आडवी खाच पाडून त्यातून लोखंडी पट्टी घातली आणि तिची दोन्ही टोकं वर वळवून बुटाच्या तळाला दोन बाजूंनी 'कान' दिले. चवडा या कानांत पाचरीसारखा बसायचा, टाचेमागून चामड्याचा पट्टा यायचा. काही वर्षांनी पट्टा ताणून बसवायला खटका आला.

या कानांचं जुळवणं हा हाताचा खेळ होता. बूट आत ठेवायचा, पट्टी हातोडीने ठोकत तळाच्या कडेला भिडवायची, बूट काढायचा, पुन्हा ठेवायचा. कान फार सैल झाले तर बूट डोलतो, फार घट्ट झाले तर तळाचं चामडं कडेने कुरतडलं जातं आणि महिनाभरात पुन्हा सैल. डावा-उजवा वेगळा. एका बुटाला ठोकलेली पट्टी दुसऱ्याच्या बुटाला बसत नसे. बूट बदलला की पुन्हा हातोडी. माझ्या धंद्यात अशा जोडणीला आम्ही नावं ठेवतो: दोन भाग एकमेकांना इतके चिकटलेले की एक बदलला की दुसरा फोडावा लागतो.

त्याच सुमारास ऑस्ट्रियात लिलियनफेल्डला मथियास झ्दार्स्की नावाचा माणूस वेगळ्या वाटेने चालला होता. फ्रित्यॉफ नान्सेनने १८८८ मध्ये ग्रीनलंड स्कीवरून पार केलं, त्याचं पुस्तक युरोपभर वाचलं गेलं आणि झ्दार्स्कीने नॉर्वेहून स्की मागवल्या. पण आल्प्सचे उतार नॉर्वेपेक्षा उभे, तिथे सैल बांधणी कामाची नाही. त्याने संपूर्ण तळाखाली पोलादी पट्टी बसवली आणि ती पुढे बिजागरीवर, स्प्रिंगला टेकवून फिरती ठेवली. टाच वर उठायची, पण आडवी तसूभर हलायची नाही. नॉर्वेवाले आणि लिलियनफेल्डवाले यांच्यात मग वर्षानुवर्षं भांडण चाललं, आपल्याकडे गायकीच्या घराण्यांत चालतं त्या धर्तीचं. मला स्वतःला झ्दार्स्कीची पट्टी कारागिरी म्हणून जास्त आवडते. पण ती जड होती.

*

आता एका नावाशी थांबतो. बाइंडिंगबद्दल वाचताना मला 'कंदहार बाइंडिंग' असा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा मी हसलो होतो. आमच्याकडे कंधार म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, मन्याडकाठचं, भुईकोट किल्ल्याचं. पोखर्णीतून निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल असं. अर्थात हे ते नव्हे. हे अफगाणिस्तानातलं. पण बर्फावर घसरायच्या यंत्राला अफगाणिस्तानातल्या शहराचं नाव कशाला?

२७ जुलै १८८० ला मैवंद इथे ब्रिटिश फौजेचा अफगाणांनी पराभव केला. त्या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, पहिली ग्रेनेडियर आणि तिसावी जेकब्ज रायफल्स, आणि त्यांची मोठी कत्तल झाली. उरलेले कंदहारला परतून वेढ्यात अडकले. त्यांना सोडवायला जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स काबूलहून दहा हजारांची फौज घेऊन निघाला आणि तीनेक आठवड्यांत पाचशेच्या आसपास किलोमीटर तुडवून पोचला. १ सप्टेंबरला लढाई जिंकली. त्या दहा हजारांत बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई होते. चालले ते, पदवी रॉबर्ट्सला मिळाली: लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदहार.

म्हातारपणी या लॉर्डसाहेबांनी स्वित्झर्लंडमधल्या एका स्की शर्यतीला आपल्या नावाचा चषक दिला. साल १९११. चषकाला म्हणायचे रॉबर्ट्स ऑफ कंदहार. चषकावरून १९२४ मध्ये म्युरेनला कंदहार स्की क्लब निघाला, क्लबच्या शर्यती गाजल्या आणि गीदो र्‍यूज या स्विस स्कीपटूने १९२९ च्या सुमारास केलेल्या बाइंडिंगला शर्यतीचं नाव चिकटलं. र्‍यूज घराणं सेंत-क्रुआ गावात संगीताच्या पेट्या बनवणारं. किल्ली दिली की वाजणाऱ्या त्या पेट्यांत स्प्रिंगच तर असते. मला हे कळलं तेव्हा वाटलं, घरात स्प्रिंगा घेऊन खेळलेल्या पोरानेच हे करायला हवं होतं.

या बाइंडिंगमध्ये टाचेमागून चामड्याऐवजी पोलादी केबल आली, ताणायला स्प्रिंग आणि पुढे खटका. आणि फळीच्या दोन्ही कडांना, टाचेच्या थोडं पुढे, छोटे आकडे. चढताना केबल आकड्यांतून सोडायची, टाच मोकळी. उतरताना केबल आकड्यांखाली अडकवायची, टाच फळीला घट्ट. हजारो वर्षांत पहिल्यांदा माणसाला निवड मिळाली: टाच हवी तेव्हा सोडा, हवी तेव्हा बांधा. खाली जायला लिफ्ट नको, वर जायला हवी. डोंगरावर लिफ्टा आल्यावर चढायची गरजच संपली आणि टाच बहुतेकांनी कायमची बांधून टाकली. टेलेमार्क वळण म्हाताऱ्यांची आठवण होऊन राहिलं.

बांधलेली टाच वेगवान असते आणि निर्दय. फळी वळली आणि पाय वळला नाही तर मधलं हाड मोडतं. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत गेलेल्या याल्मार वामचा पाय १९३७ मध्ये माउंट हूडवर असाच मोडला. इस्पितळात गुंगीतून बाहेर येता येता त्याने आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगचं चित्र कागदावर काढलं, असं तो सांगत असे. ठरावीक जोरापलीकडे बूट सोडून देणारं हे बाइंडिंग दोनेक वर्षांत बाजारात आलं. आज आल्पाइन बाइंडिंगवर आकड्यांची पट्टी असते. वजन, उंची, वय, तळाची लांबी, कौशल्य यांवरून कोष्टकात पाहून सुटण्याचा जोर ठरवतात. टेलेमार्कच्या बहुतेक बाइंडिंगांना असं कोष्टक नाही. तिथे भरवसा मोकळ्या टाचेवर आणि पडायच्या कलेवर.

*

आबांच्या हातातल्या बुटाची तीन भोकं १९२७ ची. ब्रोर विथ नावाच्या नॉर्वेजियन तरुणाने हुइट्फेल्टचे कान, टाचेचा पट्टा, सगळं काढून टाकलं. एक धातूची बैठक, तिच्यातून वर आलेले तीन आखूड खिळे. बुटाच्या तळाला पुढे चोच, चोचीत तीन भोकं. बूट खिळ्यांवर ठेवायचा, वरून तारेची कडी दाबून खाचेत अडकवायची. झालं. नाव ठेवलं रोट्टेफेल्ला, म्हणजे उंदराचा सापळा. कडी बंद होताना पाहिली की नावाचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. पुढच्याच वर्षी सेंट मॉरिट्झच्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेचे स्कीपटू हे बाइंडिंग घालून उतरले.

विथची खरी करामत मला खिळ्यांत दिसत नाही. तीन खिळे कोणीही ठोकेल. करामत ही की आता बूट करणारा आणि बाइंडिंग करणारा यांनी एकमेकांना भेटायची गरज उरली नाही. दोघांनी एक माप पाळलं की पुरे. पुढे हे माप नॉर्डिक नॉर्म म्हणून पक्कं झालं: खिळ्यांच्या रेषेवर तळाची रुंदी ७१, ७५ किंवा ७९ मिलिमीटर. त्यातलं ७५ टिकलं आणि बाकीची दोन विसरली गेली. म्हणून टेलेमार्कवाले आजही नुसतं 'पंचाहत्तर मिलिमीटर' म्हणतात, आणि समोरच्याला कळतं.

या ७५ मिलिमीटरमुळे मी स्की करू शकलो. ऑस्लोत नवीन सामान माझ्या आवाक्याबाहेर होतं. बूट मी एका निवृत्त शिक्षकाकडून घेतले, बाइंडिंग दुसऱ्याकडून, स्की तिसऱ्याकडून. तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. बूट खिळ्यांवर ठेवला आणि कडी खटकन बसली. तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते फक्त प्रोग्रामरला कळेल: दुसऱ्याने, दुसऱ्या दशकात लिहिलेला कोड पहिल्याच फटक्यात चालला.

बूट बाइंडिंगला बसला होता, पण बाइंडिंग अजून स्कीला बसायचं होतं. तिथे मी माती खाल्ली.

पद्धत सोपी आहे. स्कीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर घ्यायचं, वळणावरून टेप फिरवायची नाही. त्याचा मध्य काढायचा. खिळ्यांची रेषा त्या मध्यावर, किंवा हलक्या चालायच्या स्कीवर तोलबिंदूवर. पुढे बसवलं तर वळण लवकर लागतं पण ताज्या बर्फात टोक बुडतं. मागे बसवलं तर तरंगतं पण वळायला कुरकुर करतं. मग स्कीची मध्यरेषा आखायची. आता महत्त्वाचं: बाइंडिंगची बैठक डाव्या-उजव्या पायाची वेगळी असते, कारण बुटाची चोच पायासारखीच एका बाजूला कलती असते. त्यामुळे नुसती बैठक डोळ्याने मध्यावर ठेवून चालत नाही. बूट बैठकीत अडकवायचा, कडी बंद करायची, मागे जाऊन टाचेचा मध्य स्कीच्या मध्यरेषेवर आणायचा, बूट दाबून धरायचा आणि मगच भोकांच्या खुणा करायच्या.

मी बूट वर पायरीवर ठेवून खाली तळघरात खुणा केल्या. आळस, दुसरं काय. स्कीत धातूचा थर नव्हता म्हणून साडेतीन मिलिमीटरच्या आसपासचं ड्रिल, खोली नऊ मिलिमीटर, ड्रिलला टेप गुंडाळून खूण, कारण जास्त खोल गेलं तर तळातून बाहेर येतं आणि स्की बाद. ते सगळं नीट केलं. भोकांत लाकडाचा डिंक घातला, स्क्रू कसले, बूट अडकवला आणि टाच मध्यरेषेपासून बोटभर बाहेर. उभं राहिल्यावर माझे दोन्ही पाय बदकासारखे बाहेर वळले. स्क्रू काढले, भोकांत लाकडाच्या खुंट्या इपॉक्सीत बुडवून ठोकल्या, एक रात्र थांबलो आणि जुन्या भोकांपासून सेंटिमीटरभर अंतर राखत पुन्हा पाडली. त्या स्कीवर आता मध्यापासून सेंटिमीटरभर मागे उभं राहावं लागतं. ती चूक मी दोन हिवाळे पायांत वागवली.

केबल लावली ती नंतर. खिळ्यांच्या जोडीला टाचेमागून केबल असेल तर चोचीवरचा ताण कमी होतो, भोकं फाटत नाहीत. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचे वेढे सारखे मोजून फिरवायचे, नाहीतर बूट एका बाजूला ओढला जातो. टाचेचा खटका हाताच्या तळव्याने दाबून बसला पाहिजे. उभं राहून टाचेने ठोकावा लागत असेल तर ताण जास्त आहे. आणि मग शेवटची तपासणी: गुडघा फळीकडे पूर्ण वाकवायचा. त्या वेळी स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडता कामा नयेत. भिडले की स्प्रिंग संपली, पुढचा सगळा जोर खिळ्यांवर, भोकांवर आणि शेवटी पायावर.

*

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कोलोराडोतल्या क्रेस्टेड ब्यूटमध्ये, रिक बोर्कोवेक आणि त्याच्या सोबत्यांनी अरुंद स्की, चामड्याचे बूट आणि तीन खिळे घेऊन लिफ्टच्या डोंगरांवर टेलेमार्क वळणं पुन्हा काढायला सुरुवात केली. १९९२ मध्ये स्कार्पा कंपनीने टर्मिनेटर नावाचा प्लास्टिकचा बूट आणला, चवड्यापाशी हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेला. प्लास्टिक ताठ, त्यामुळे जोर थेट फळीवर, आणि तेवढाच खिळ्यांवर. भोकं फाटायला लागली, केबलवाली बाइंडिंगं जाडजूड झाली. २००७ मध्ये रोट्टेफेल्लानेच नवं माप आणलं, न्यू टेलेमार्क नॉर्म. त्यात चोच नाही, खिळे नाहीत, बूट तळाच्या मध्यात धरतात. आता नवं काही येतं ते बहुतेक याच मापाचं. ज्यांनी पंचाहत्तर मिलिमीटर दिलं त्यांनीच ते निवृत्त केलं. माझे बूट म्हणजे बंद पडलेल्या भाषेतलं पुस्तक, वाचणारे अजून आहेत म्हणून चालू.

ते बूट मी पोखर्णीला आणले कारण उजव्या बुटाची शिवण सुटली होती. तिथल्या दुकानातल्या कारागिराने सांगितलेली मजुरी बुटांच्या किमतीहून जास्त होती. पण त्याने बूट घालायला लावला, गुडघ्यावर बसला, आणि माझा पाय दोन्ही हातांत धरून चवड्याची हाडं अंगठ्याने चाचपली. मी पाय मागे घेतला. त्याला वाटलं दुखलं.

माझे पणजोबा निजामाच्या काळात बलुत्यावर वहाणा करत. घरात सांगतात की मोठ्या घरचं माप घ्यायला पायाला हात लावायचा नसे. माणूस अंगणातल्या ओल्या मातीत पाय उमटवून निघून जाई, मग पणजोबा त्या ठशावर काडी ठेवून लांबी-रुंदी मोडून घेत. वहाण चावली तर शिव्या त्यांनाच. आबा हे सांगताना कुठे थांबत नाहीत, आवाज चढवत नाहीत. काडीवर खुणा कशा करायच्या, तेवढंच सविस्तर सांगतात: अंगठ्यापासून टाचेपर्यंत एक, चवड्याला आडवी दुसरी, आणि घोट्याचा अंदाज डोळ्याने.

सुटलेली शिवण त्यांनी दोन दिवस नुसती पाहिली. या बुटांत वरचं चामडं खाली आत न दुमडता बाहेर दुमडून तळावर शिवलेलं असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. या बांधणीला तिकडे नॉर्वेजियन वेल्ट म्हणतात. आबांनी ते बोटाने उलगडून पाहिलं आणि म्हणाले, मोटेच्या तोंडाला अशीच बाहेरून मुडप असायची, त्याच कारणाने. तिसऱ्या दिवशी गोणपाट सोडलं. दोऱ्याला मेण लावायचं काम माझ्याकडे. जुन्या भोकांतूनच आरी नेली, नवं एकही भोक पाडलं नाही. मला माझ्या स्कीतल्या खुंट्या आठवल्या, मी बोललो नाही.

शिवून झाल्यावर त्यांना बाइंडिंग बघायचं होतं. स्की मी विमानात आणल्या नव्हत्या, बाइंडिंग तेवढं काढून आणलं होतं. गोठ्यामागे बाभळीची एक जुनी फळी पडली होती. तिच्यावर मध्यरेषा आखली. या वेळी आधी बूट अडकवला, मागे जाऊन टाच पाहिली, मग खुणा केल्या. स्क्रू आबांनी पिळले. अंगणात शेजारची चार पोरं जमली होती. मी उजवा पाय घातला, कडी दाबली, खटका बसला.

"आता उचल टाच," आबा म्हणाले.

मी गुडघा वाकवला. ते खाली उकिडवे बसले, एक डोळा मिटून टाचेखालच्या फटीतून पाहिलं, बुटाच्या बाजूला हात लावून माझा पाय जरासा सरळ केला.

"डाव्या अंगाला वढतंय थोडं. तिकडची तार अर्धा आटा सोड."